दोन कुत्रे

नारीनमध्ये जानेवारी म्हणजे
खिडकीला आतूनही बर्फ धरतो.
शेगडीत कोळसा, वर किटली,
आणि जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
माझं शिर्दाक:
लोकरीच्या नमद्याचे दोन थर,
खाली निळा, वर तांबडा.

दोन्ही एकदमच कापायचे असतात.
सुरीची एक रेघ दोघांतून जाते,
मग तांबड्यातलं शिंग निळ्यात बसवायचं,
निळ्यातलं तांबड्यात.
चिंधीएवढंही वाया जात नाही.
आईनं मला हे शिकवलं
ते बोटांवर पट्टी मारून.
बरीच वर्षं मला वाटायचं, शिकणं म्हणजे तेच.

ऑर्डर बिश्केकच्या एका हॉटेलची.
तांबडं तिकडे जायचं होतं,
निळं आमच्याकडे राहणार होतं.
खडूनं मेंढ्याची शिंगं आखून मी
गाईचं दूध काढायला गेले.
परत आले तर ऐदार, सात वर्षांचा,
गुडघ्यांवर बसून, जीभ बाहेर काढून,
कालच पाजळलेली सुरी दोन्ही हातांत धरून
चार शिंगांच्या मधोमध
कुत्रा कापत होता.

बादली खाली ठेवली. हात वर गेला.
वरच राहिला थोडा वेळ,
कारण त्यानं मान उचलली नाही.
धीट म्हणून नव्हे; त्याला मी दिसलेच नव्हते.
शेपटीचं वळण अडलं होतं
आणि जगात तेवढं एकच काम उरलं होतं.

मी दूध गाळायला निघून गेले.
गाळताना अर्धं सांडलं.

"हा आपला अक्तोश," तो नंतर म्हणाला.
"पाय पाच कसे?"
"पळतोय ना तो."

रात्री कुबात ट्रक लावून आला,
बघून हसला,
मग हिशेब आठवल्यासारखा गप्प झाला.
"नवा नमदा घालायचा तर पंधरा दिवस."
"माहीत आहे," मी म्हटलं
आणि सुईत दोरा ओवला.

निळा कुत्रा तांबड्यात. तांबडा कुत्रा निळ्यात.
शिवणीवरून पांढरी दोरी फिरवली,
शिंगांभोवती फिरवतात तशीच,
पाचही पायांभोवती.
ऐदार दोरीला पीळ देत बसला होता.
पीळ कधी उजवा, कधी डावा, कधी नुसताच गुंता,
आणि "असं नाही रे" हे तीन शब्द
मी चहाच्या घोटाबरोबर गिळत होते.
सगळ्याच वेळी जमलं नाही.

हॉटेलवाल्यानं हजार सोम कापून घेतले.
कारण विचारायची गरज नव्हती.

आता ऐदार नऊचा आहे.
त्याची स्वतःची छोटी सुरी आहे,
उरल्यासुरल्या तुकड्यांची एक पेटी आहे.
गरुड कापतो, ट्रक कापतो,
शाळेतल्या बाई कापल्या, त्या इतक्या हुबेहूब
की मी पेटीच्या तळाशी दडवल्या.

परवा शिर्दाकवर पालथा पडून म्हणाला,
"हा कुत्रा उसव ना, आई.
मित्र येतात तेव्हा मी त्याच्यावर उशी ठेवतो.
मी नवा करून देतो, चार पायांचा."

देईल. खरंच सुरेख करून देईल.
एक क्षण माझीच बोटं टाक्याकडे गेली.

"आणि त्याच्या जुळ्याचं काय?" मी म्हटलं.
"तो तिकडे हॉटेलात पाच पायांनी पळतोय.
हा बदलला तर
तो कुणाच्या मागे पळेल?"

"त्याला काय कळतंय," तो म्हणाला.
तरी बोटानं शेपटी चाचपून पाहिली,
जिथे वळण अडलं होतं तिथे
जरा जास्त वेळ.
मग उठला आणि कोळसा आणायला गेला,
दार नेहमीसारखं
उघडं टाकून.